पावसात बघून घ्यायचं घर

"एक पाऊस पडू दे," आमचे घरमालक आईला म्हणाले. "चांगला, पन्हळी वाहणारा. तू आत उभी ऱ्हा, माळवद कुठं गळतंय का बघ. मग घर तुझं."

झालं! आमच्या घरखरेदीचं घोडं तिथंच अडलं. लातूरला पाऊस पडून किती दिवस झाले होते ते विचारूच नका. मागचं साल कोरडं गेलं होतं, त्याच्या मागचं अर्धं कोरडं, आणि यंदा मृग येऊन गेला, आर्द्रा येऊन गेल्या, तरी अंगणातली धूळ काही बसली नव्हती. आणि हे म्हातारबुवा म्हणतात, पाऊस पडू दे!

घरमालकांना सगळी गल्ली आप्पा म्हणायची, आम्हीही म्हणायचो. मूळचे निलंग्याकडचे, बोलता बोलता मधेच एखादा कानडी शब्द टाकणारे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. अंगणापलीकडच्या एका खोलीत ते एकटे राहायचे. उरलेलं घर, म्हणजे दोन खोल्या, एक पडवी आणि वर जायची लाकडी शिडी, आमच्याकडे भाड्यानं होतं. भिंती दगडमातीच्या आणि वर माळवद. ज्यांनी माळवद बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. लाकडी तुळयांवर फळ्या, फळ्यांवर पाला आणि चिखल, आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गार, थंडीत ऊबदार. उजेडासाठी मधे एक भोक ठेवलेलं असतं, त्याला आम्ही सवणं म्हणायचो. दुपारी त्या सवण्यातून उन्हाची एक तिरीप खाली उतरायची आणि शेणानं सारवलेल्या जमिनीवरून हळूहळू सरकत भिंतीपर्यंत जायची. तिच्या मागं मागं सरकत मी अभ्यास करायचे. अभ्यास कसला डोंबलाचा! त्या उजेडात तरंगणारे धुळीचे कण बघत बसायचे. ते वर जातायत की खाली येतायत हे मला कधीच कळलं नाही. कुठं बाहेर निघायची घाई नसल्यासारखे ते नुसते फिरत राहायचे.

आम्ही बौद्ध. बाबा पाटबंधारे खात्यात कारकून. दुष्काळात पाटबंधारे खात्यातली नोकरी म्हणजे गल्लीला चेष्टेला फुकटचा विषय. "काय सायेब, सध्या पाटात काय सोडलंय, वारं का?" असं कुणीही विचारायचं आणि बाबाही हसायचे. त्यांची लातूरला बदली झाली तेव्हा भाड्याच्या घरासाठी आम्ही किती उंबरे झिजवले असतील! लोक घर दाखवायचे, भाडं सांगायचे, पोरीला शाळा जवळ पडेल म्हणायचे, आणि आम्ही निघता निघता हसत हसत विचारायचे, "आडनाव काय म्हणालात?" आडनाव सांगितलं की त्या घरात एकाएकी कुणाचं तरी लग्न निघायचं, नाही तर गावाकडून कुणी तरी कायमचं राहायला येणार असायचं. एका ठिकाणी तर त्यांना आम्ही राहायला गेल्यावर कळलं. दिवस मावळायच्या आत आमचं सामान रस्त्यावर. आई त्या दिवशी रडली नाही, भांडलीही नाही. रस्त्याच्या कडेला बाजेवर बसून राहिली, मांडीवर पिठाचा डबा घेऊन. मग बाबांना म्हणाली, "मला एक घर पाहिजे. बारकं असू द्या, पडकं असू द्या. पण ऊठ म्हणणारं कुणी नको." मी तेव्हा लहान होते, पण तो आवाज माझ्या कानात अजून आहे. मला त्या आवाजाची भीती वाटली होती.

आप्पांनी आडनाव विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "शेळी पाळता का?"

"न्हाई," आई म्हणाली.

"मग ऱ्हावा खुशाल. शेळी माळवदावर चढती आन खुरांनी माती उकरती."

बस्स, एवढीच चौकशी. आई पुढं कैक वर्षं ही गोष्ट सांगून हसायची. म्हणायची, मला वाटलं, म्हातारा एक तर येडा हाय, न्हाईतर लई शहाणा.

आप्पांचा सगळा जीव त्या माळवदात. धडधाकट होते तेव्हा दर उन्हाळ्यात स्वतः वर चढायचे, गवत उपटायचे, गाडीभर पांढरी माती आणून पसरायचे आणि लाकडानं ठोकून ठोकून बसवायचे. "माझं माळवद गळत न्हाई," हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं नाही असा माणूस गल्लीत नव्हता. पण अलीकडं गुडघे गेले, शिडी चढवेना. शिवाय पाऊसच नाही तर माती कुणासाठी टाकायची? आमच्या बाजूला सगळ्यांनीच तसं केलं होतं. वरची माती उन्हानं तडकत होती आणि खाली आम्ही निवांत होतो.

मग एक दिवस आप्पांनी सांगितलं की आता एकट्यानं होत नाही, निलंग्याला लेकीकडं जाऊन राहतो, घर विकतो. आईनं हाताचं पीठसुद्धा धुतलं नाही. तशीच अंगण ओलांडून गेली. बाबा सोसायटीचं कर्ज काढणार होते, आप्पांना भाव पटला, सगळं चहाचा कप खाली ठेवायच्या आत ठरलं. आणि मग ती पावसाची अट.

"अहो आप्पा," बाबा म्हणाले, "आम्ही इथंच राहतोय की इतकी वर्षं. आम्हाला घर माहीत नाही का?"

"या वर्षांत लागून पाऊस कवा पडला सायेब?" आप्पा म्हणाले. "बैल घेताना आपण त्याला औताला जुंपून बघतो का न्हाई? दावणीला बांधलेला बैल सगळाच चांगला दिसतो. माझ्या बापानं हे घर घेतलं ते पावसात उभं राहून घेतलं. मी देईन ते बी तसंच देईन. मागनं तुम्ही म्हणाल, आप्पानं फसवलं."

बाबांनी कपाळाला हात लावला. आईनं मात्र ते मनापासून कबूल केलं. तिला ती अट आवडलीच असावी. तोवर लोक आम्हालाच पारखून घेत आले होते, घर पारखून घ्या असं म्हणणारा हा पहिलाच माणूस.

त्यानंतरचे ते दिवस मला एका लांबलचक दुपारसारखे आठवतात. ऊन पांढरं, गल्ली गप्प, झळांमागं सगळ्या वस्तू जराशा हलताना दिसायच्या. आई कामं उरकून घरात नुसती फिरायची. अजून घर आमचं झालेलं नव्हतं, पण तिच्या मनात ते केव्हाच झालं होतं, आणि मनातल्या मनात ती ते पाडून पुन्हा बांधत होती. पूर्वेच्या भिंतीवर तळहात ठेवून उभी राहायची आणि म्हणायची, "इथं खिडकी." मी विचारायचे, "खिडकीतून काय दिसंल?" पलीकडं तर शेजाऱ्याची भिंत होती. आई डोळे बारीक करून भिंतीकडं बघायची आणि म्हणायची, "दिसंल काही तरी." दारावर पाटी लावायची, आडनाव मोठ्या अक्षरात, रस्त्यावरून जाणाऱ्याला चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे असं. कोनाड्यात बुद्धाची मूर्ती. पडवीत तुरीची कणगी. ती बोलायची आणि मला त्या सगळ्या वस्तू खरंच तिथं दिसायच्या. एकदा तर मी त्या नसलेल्या कणगीला वळसा घालून गेले, आणि आई हसून हसून लोळायची बाकी राहिली.

संध्याकाळच्या आधी आम्ही दोघी माळवदावर चढून ढग बघायचो. मुरुडच्या बाजूनं ते यायचे, मोठे, करडे, पोट खाली आलेले. आमच्या डोक्यावरून सावली सरकायची, क्षणभर गार वाटायचं, आणि ढग तसेच पुढं निलंग्याकडं निघून जायचे. आई त्यांना शिव्या द्यायची. "थांब की मुडद्या! निलंग्याला तुझी सासुरवाडी हाय का?" समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या बाई, त्यांना आम्ही आत्या म्हणायचो, खालून ओरडायच्या, "अगं, ढगाला शिव्या दिल्यावर तो पडंल व्हय? महादेवाला पाणी घाल." आई म्हणायची, "आत्या, आम्ही ते सोडलंय. आता मागायचं ते माणसाकडं मागायचं." आणि पुन्हा ढगाशी भांडायची.

इकडं लातूर जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते आणि गावाला नुसती घाई सुटली होती. रोज नवी कचेरी, नवी जीप, नवे साहेब. कुठंही दोन माणसं टेप धरून काही तरी मोजताना दिसायची. प्यायला पाणी नव्हतं, पण जागांना सोन्याचा भाव आला होता. अशात आप्पांचे जावई एक दिवस निलंग्याहून आले ते एका कंत्राटदाराला बरोबर घेऊन. कंत्राटदार घरात आलाच नाही. अंगणातून दोनदा इकडून तिकडं चालला, पावलांनी जागा मोजली आणि म्हणाला, "घेतली."

आप्पा म्हणाले, "पाऊस पडू दे. आत उभं राहून माळवद बघ."

"मला माळवद बघून काय करायचंय आप्पा?" तो हसला. "पाडायचंच हाय ते."

त्या हसण्यानं आप्पांचा चेहरा उतरला. पण जावई हट्टाला पेटले. ज्याच्या घरी उरलेलं आयुष्य काढायचं त्याला नाही कसं म्हणावं? आप्पांनी मधली वाट काढली. पोळ्यापर्यंत पाऊस झाला आणि आईनं घर बघितलं तर घर आईचं. नाही झाला तर पोळ्यानंतर कंत्राटदाराचं.

त्या दिवसापासून आईचा जीव टांगणीला लागला. ती खिडकीचं नाव काढेना. श्रावण सरत आला. ढग आले, गेले. बाबा समजूत घालायचे, दुसरं बघू म्हणायचे, आणि आई त्यांच्याकडं अशी बघायची की ते चप्पल घालून बाहेर निघून जायचे. दुसरं घर म्हणजे पुन्हा तो शेवटचा, आडनावाचा प्रश्न, हे त्यांनाही माहीत होतंच की.

पोळ्याच्या आदल्या दिवशी गल्लीत टँकर आला. आईनं घरातलं एकूण एक भांडं भरलं. पिंप, घागरी, बादल्या, कढई, अगदी माझा जेवणाचा डबासुद्धा. पुढचा टँकर येईपर्यंत तेवढ्यावरच भागवायचं होतं. बाबा कचेरीत गेलेले. भांडी भरून झाल्यावर आईनं पदर कमरेला खोचला, अंगणात जाऊन उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "आप्पा, आत येऊन बसा. पाऊस यायला लागलाय."

आप्पा काठी टेकत बाहेर आले. वर बघितलं. आभाळ धुतल्यासारखं निळं. "कुठं हाय गं?"

"माझ्या घागरीत," आई म्हणाली आणि घागर खांद्यावर घेऊन शिडी चढायला लागली.

आत्यांना काय चाललंय ते कळलं आणि त्यांनी सगळी गल्ली गोळा केली. "अगं ए बया, येडी झालीस का? प्यायचं पाणी हाय ते! लेकरू काय पिईल?" आणखी दोघी-तिघी धावत आल्या, एकीनं तर शिडी धरून ठेवली. आईनं वरूनच सांगितलं, "सोडा. माझं पाणी हाय. मी पिईन न्हाईतर पाडीन." मी खालून बादल्या द्यायला लागले. आत्या शिव्या देत देत घरी गेल्या आणि थोड्या वेळानं धुण्याच्या पाण्याची गढूळ बादली घेऊन परत आल्या. "हे बी ओत," त्या म्हणाल्या. "पाऊस काय गाळून पडतो व्हय!" मग बाकीच्याही आपापलं खरकटं, धुण्याचं, अंघोळीचं पाणी घेऊन आल्या. चांगलं पाणी कुणी दिलं नाही, आणि द्यावं तरी कसं?

बादल्या संपत आल्या तसं आईनं मला आत पाठवलं. "आप्पांजवळ बस. कुठं गळतंय ते नीट बघ."

आत आप्पा बाजेवर बसून वर बघत होते. मी शेजारी बसले. सवण्यातून नेहमीची तिरीप उतरलेली होती, आणि डोक्यावर पाणी ओतल्याचा आवाज येत होता, घळ्ळकन, मग शांत, मग पुन्हा घळ्ळकन. हळूहळू ओल्या मातीचा वास खाली आला. किती दिवसांनी तो वास! बाहेर निळंशार आभाळ आणि आत पाऊस पडतोय. मला वाटलं आम्ही दोघं कुठल्या तरी वेगळ्याच गावात बसलोय, तिथं सगळं आपण सांगू तसं होतं. आप्पांनी डोळे मिटले होते. त्यांचे ओठ जरासे हसत होते. एक पन्हळ वाहायला लागली, अंगणात पाणी पडल्याचा आवाज आला, बायका ओरडल्या, आणि आप्पा पुटपुटले, "बघ, थेंब न्हाई."

आणि चुलीच्या बाजूला टप्पकन वाजलं.

मी बघितलं. आप्पांनीही डोळे उघडून बघितलं. दुसरा थेंब पडला, मग तिसरा, मग तुळईच्या कडेनं मातकट पाण्याची धारच लागली. आप्पा काठी न घेताच उठले, भिंत धरत धरत तिथपर्यंत गेले आणि त्या धारेखाली त्यांनी हात धरला, जणू ती परत वर ढकलता येईल. आई खाली उतरून दारात आली तेव्हा ते तसेच उभे होते. मोठा माणूस इतका लाजलेला मी त्याआधी बघितला नव्हता.

"गळतंय गं," ते म्हणाले. "माझं माळवद गळतंय. न्हाई, हे मी देणार न्हाई तुला. गळकं घर कुणाच्या पदरात टाकायचं? माझा बाप काय म्हणंल? जाऊ दे त्याला, पाडणाऱ्याला जाऊ दे. त्याला काय फरक पडतो!"

मी आईकडं बघितलं. घरातलं सगळं पाणी गेलं होतं. अंगावर चिखल, केसांतून पाणी, धापा टाकत होती. मला वाटलं, आता ही मटकन खाली बसणार. ती पुढं आली, आप्पांचा हात धरून तिनं तो हळूच बाजूला केला, आणि स्वतः त्या धारेखाली जाऊन उभी राहिली. मातकट पाणी तिच्या डोक्यावर पडत होतं, कपाळावरून खाली येत होतं. तिनं वर बघितलं, नीट, सावकाश, कुठून कुठं ओल आलीय ते सगळं बघितलं.

"आप्पा," ती म्हणाली, "तुमची अट काय होती? पाऊस पडू दे, गळतंय का बघ, मग घर तुझं. न गळायची अट कुठं होती? मी बघितलं, गळतंय. आता हे माझं घर गळतंय. माझ्या घरासाठी तुम्ही कशाला लाजता?"

आप्पांनी मान डोलावली, एकदा, आणि पुन्हा. "जावयाला मी बघतो," एवढं म्हणून भिंत धरत ते बाहेर गेले. त्यांनी जावयाला काय सांगितलं ते मला माहीत नाही. निलंग्याला गेल्यावर जावई बरेच दिवस त्यांच्याशी बोलत नव्हते, असं पुढं कानावर आलं. पण घर आमच्या नावावर झालं, आणि माती टाकायला पाणी मिळेपर्यंत ते गळकंच राहिलं.

त्या दुपारी आप्पा गेल्यावर आई आणि मी ओल्या जमिनीवर बसून होतो. प्यायला घोटभर पाणी नव्हतं आणि दोघींच्या घशाला कोरड पडली होती. तेवढ्यात दारात खोकल्याचा आवाज आला. आप्पा परत आले होते, पण आत येत नव्हते. भाड्याच्या घरात मालक कधी विचारून आत येतो का? आम्ही राहिलो त्या एकाही घरात आला नव्हता. आप्पासुद्धा रोज तरातरा यायचे, मडक्यातलं पाणी घेऊन पिऊन जायचे. आता ते उंबऱ्याबाहेर उभे होते, चप्पल काढून.

"बाई, येऊ का आत?" ते म्हणाले. "काठी राहिली माझी."

आई उठली. बाजेवर रस्त्यात बसली होती त्या दिवशी न रडलेली माझी आई दाराची चौकट धरून हमसाहमशी रडायला लागली. आप्पा तसेच बाहेर थांबले. तिनं पदरानं तोंड पुसलं, घसा खाकरला, आणि दारातून बाजूला सरकली.

"या," ती म्हणाली. "या आप्पा, आत या."